सोमवारी न पडणारा एडिटर

मला अजून राग येतो. इतकी वर्षं झाली, केस पिकले, आता संगणक पर्समध्ये मावतो, आणि तरी तो करडा चौकोन आठवला की डोक्यात तिडीक जाते. या प्रोग्रामने बेकायदा कृत्य केलं आहे, तो आता बंद होईल, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि त्याखाली बटण. दाबा नाहीतर न दाबा, तो बंद होणारच. बेकायदा कृत्य म्हणे! आणि खुर्चीत बसलेली कोण, तर मी. मग कृत्य कोणाचं, हे ऑफिसात सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं.

ऑफिस म्हणजे इंदिरानगरातल्या एका बंगल्याचा वरचा मजला. गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची. मालकांचा खरा धंदा बोम्मसंद्र्याला होता, पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना. पण तेव्हा बेंगळुरात जो तो सॉफ्टवेअरची पाटी लावत सुटला होता, तशी यांनीही लावली. अमेरिकेतलं एक गिऱ्हाईक मिळालं, खुर्च्या आल्या, आणि आम्ही मुलं भरती झालो. मी चामराजपेटेतून दोन बस बदलून यायचे. आमच्या गल्लीत इंजिनियर झालेली मुलगी तोवर दुसरी नव्हती, आणि माझा त्याबद्दलचा तोरा मी लपवतही नव्हते.

बाकी सगळे जुन्या मशीनवर, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात प्रोग्राम लिहायचे. मग गिऱ्हाइकाने हट्ट धरला की काम नव्या एडिटरमध्येच हवं. नवा एडिटर म्हणजे खिडक्यांचा, मेनूंचा, माऊसचा. कोड लिहिला की त्यातले खास शब्द आपोआप निळे व्हायचे, चूक असली तर ओळ लाल. मला तर वेडच लागलं त्याचं. त्यासाठी एक नवं मशीन घेतलं, त्याला मोडेम जोडला, कारण अमेरिकेला मेलही तिथूनच जायची. माझा हात सगळ्यांत जलद चालतो म्हणून ते मशीन मला दिलं. मी अजून कायम झालेली नव्हते. एवढं काम हातावेगळं कर, मग कायम करू, असं ठरलं होतं.

आणि एडिटर पडायला लागला.

पडायचा म्हणजे कसा? मी लिहिते आहे, लिहिते आहे, एकदम अक्षरं उमटेनाशी होतात. माऊसचा बाण गोठतो. त्याचं वाळूचं घड्याळ होतं. आणि मग तो मेला चौकोन. शेवटचं सेव्ह केल्यानंतर लिहिलेलं सगळं गेलं. पुन्हा उघडायचा, पुन्हा लिहायचं, जरा रंगात आलं की पुन्हा पडायचा. मग तासाभराने आपोआप शहाण्यासारखा चालायला लागायचा. मी प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायला लागले. एडिटर काढून पुन्हा घातला. हार्डवेअरवाल्याला बोलावून मेमरीच्या पट्ट्या बदलायला लावल्या, माऊस बदलला, पोहणाऱ्या माशांचा स्क्रीनसेव्हर काढून टाकला, यूपीएसची वायर दुसऱ्या सॉकेटात घातली. एडिटर पडतच राहिला.

आमचा टीम लीडर पुण्याचा. बेंगळुरात येऊन वर्षही झालं नव्हतं. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे त्याचा माझ्यावर भारी जीव, म्हणजे माझ्या डब्यावर. दुपारी यायचा, "काय आणलंय आज?" म्हणत डबा स्वतःच उघडायचा, आणि खाता खाता माझ्या मराठीची मजा करायचा. मी त्याला "जरा"च्या जागी "स्वल्प सरका" म्हटलं की हा हसून लोळायचा. "अगं, तुम्हा लोकांचं मराठी म्हणजे ना, शिवकालीन सांबार!" आमचे लोक तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, सांबार होणारच. मी हसण्यावारी न्यायचे.

पण एडिटर पडायला लागल्यावर त्याच्या सूचना सुरू झाल्या. "माऊस एवढा आपटू नकोस." "एका वेळी एकच खिडकी उघड, हावरटासारखं करू नकोस." आणि एक दिवस, सगळ्यांच्या देखत, अगदी गंभीर चेहऱ्याने: "तुझ्या बांगड्या कीबोर्डला लागतात का गं? त्यातून स्टॅटिक जात असेल." काचेच्या बांगड्यांतून वीज! इंजिनियर होता की कोण होता देव जाणे. आणि मी, माझी अक्कल बघा, बांगड्या काढल्या. घरी आईने तोंड वाकडं केलं, ओकेबोके हात घेऊन कुठे निघालीस म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी एडिटर पडला. मी बांगड्या परत चढवल्या आणि त्याच्या टेबलाशी जाऊन मुद्दाम खळखळ वाजवून आले.

सोमवारी मात्र एडिटर कधी पडायचा नाही. हे मी त्याला सांगितलं, कारण मला ते महत्त्वाचं वाटत होतं. मशीन बिघडलेलं असेल तर त्याला वार कुठून कळणार? तो म्हणाला, "सोमवारी तू रविवारची झोप काढून येतेस. मंगळवारपासून लक्ष उडतं तुझं." आणि वर हसला. त्या वेळी हातात स्टेपलर होता, तो मी खाली ठेवला, एवढंच सांगते.

तेवढ्यात मालकांचा निरोप आला. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात माल पाठवल्याच्या चलनांचं टायपिंग करणारी मुलगी लग्न होऊन चालली होती. तिच्या जागी या बाईला, म्हणजे मला, पाठवायचं का, ते मालक पुढल्या गुरुवारी येऊन ठरवणार. एडिटर हिच्याच हातात पडतो, म्हणजे हिला ते जमत नाही, टायपिंग तरी जमेल, असा सगळा हिशेब. म्हणजे चार वर्षं मी जे शिकले ते गुंडाळून ठेवायचं आणि पंपाच्या चकत्या किती गेल्या ते टाइप करत बसायचं. एकदा तिथे गेलेली मुलगी परत प्रोग्राम लिहायला बसलीय असं कधी झालं नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. दुःखाने नाही हं, संतापाने.

त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी बंगल्यात विजेचं काम निघालं, म्हणून ऑफिस दुपारी उघडणार होतं. मी घरी होते. आमच्या घराच्या पुढल्या खोलीत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना. लग्नपत्रिका, हँडबिलं, दुकानांची बिलबुकं. एक गृहस्थ मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आले. अण्णांनी त्यांना बसवलं, कॉफी दिली, पण कागद काही हातात घेईनात. "स्वल्प थांबा. बारा वाजू द्या, राहुकाळ संपेल." तेही मान डोलावून निवांत बसले. यात मला काही नवं नव्हतं. रोज दीड तास राहूचा. त्यात काही नवं सुरू करायचं नाही, पत्रिका द्यायची नाही, प्रवासाला निघायचं नाही. वेळ प्रत्येक वाराला वेगळी, आणि आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ. अण्णा तर इतके पक्के की इंटरव्ह्यूच्या दिवशी मला राहुकाळाआधीच घराबाहेर काढून बसस्टॉपवर बसवून ठेवलं होतं.

मी पत्रिकांना दोरे ओवत होते. शुक्रवारी साडेदहा ते बारा. माझा एडिटर शुक्रवारी चहाच्या सुमाराला पडायला लागतो आणि जेवणाआधी सुधारतो. मंगळवारी तीन वाजता. बुधवारी जेवणाच्या वेळी. गुरुवारी जेवणानंतर. आणि सोमवारी राहुकाळ सकाळी नवालाच संपतो, तेव्हा मी बसमध्ये असते.

माझ्या हातातला दोरा निसटला. अण्णा म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही." काय सांगणार? राहू माझ्या मशीनमध्ये शिरलाय म्हणून?

राहूवर माझा विश्वास नव्हता. पण मशीन स्वतःहून पंचांग बघत नाही, हेही मला कळत होतं. मग कोणीतरी त्याला ते बघायला शिकवलेलं असणार. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, नवाच्या आधी ऑफिसात जाऊन बसले. शनिवारचा राहुकाळ नऊ ते साडेदहा. नऊ वाजले आणि एडिटर पडला. मी तीन बटणं एकदम दाबून, मशीनमध्ये काय काय चालू आहे त्याची यादी उघडली. त्यात एक पिटुकलं नाव, जे मी कधी घातलंच नव्हतं. ते बंद केलं. एडिटर चालायला लागला, राहुकाळ असून ठणठणीत. पुन्हा चालू केलं, पडला. मी टाळीच वाजवली, एकटीच.

त्या मशीनला माझ्याआधी हात लागला होता तो फक्त लीडरचा. त्यानेच ते बसवलं होतं. चहाच्या वेळी मी त्याला गच्चीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. तो आधी दचकला, मग हसत सुटला. "बापरे, सापडलं तुला! अगं, मालकांसाठी केलंय ते. राहुकाळात अमेरिकेला मेल गेली तर काम बोंबलतं म्हणे. सारखं विचारायचे, आता पाठवू का, आता पाठवू का. म्हटलं, देऊ एक खेळणं करून. त्या वेळात मोडेम धरून ठेवतो तो, मेल जातच नाही. खूश झाले म्हातारबुवा." इथल्या लोकांच्या राहुकाळाची चहावर टिंगल करणारा माणूस हा! तोच मालकांना लोणी लावायला राहुकाळाचा प्रोग्राम लिहितो, आणि तोही असा भिकार, की जागा झाला की बाजूच्या एडिटरची मेमरी खाऊन टाकतो.

पण तेव्हा मी चिडले नाही. मला हायसं वाटलं होतं. तो म्हणाला, "गुरुवारच्या आत मी नीट करतो. तू हात लावू नकोस, आणि कुठे बोलू नकोस. आपल्यातच राहू दे." आपल्यात! मी आनंदाने मान डोलावली. सोमवारी त्याच्यासाठी डब्यात जास्तीचं चित्रान्नही नेलं.

मंगळवारी तीन वाजता एडिटर पडला. मी त्याच्याकडे बघितलं. "करतो गं, वेळ मिळाला की." बुधवारी पुन्हा पडला. तो फोनवर होता.

गुरुवारी जेवणाआधीच मालक आले. पांढरा शर्ट, कपाळाला ताजं गंध, माणूस तसा शांत. माझ्या मशीनमागे उभे राहिले. त्यांनी लीडरला इंग्रजीत विचारलं, नक्की अडचण काय आहे. मी त्याच्याकडे बघत उभी. आता सांगेल, आता सांगेल. तो म्हणाला, "सर, मशीन उत्तम आहे. चालवणाऱ्याचा प्रश्न आहे." माझ्याकडे न बघता. आवाजात काहीसुद्धा नाही, हवामान सांगितल्यासारखा.

मग मी खुर्ची ओढली आणि बसले. कन्नडमध्ये मालकांना म्हटलं, "एकच मिनिट बघा." एडिटर उघडला. चार ओळी लिहिल्या. मग मशीनचं घड्याळ उघडलं आणि दुपारी दीडला एक मिनिट कमी असं लावलं. गुरुवारचा राहुकाळ दीड ते तीन. सगळे मागे येऊन उभे राहिले होते. मिनिट गेलं. बाण गोठला, चौकोन आला, एडिटर पडला. मी वार बदलून शुक्रवार केला, साडेदहाला एक मिनिट कमी. पुन्हा लिहायला लागले. पुन्हा पडला.

"तुमचा तो मेल अडवणारा प्रोग्राम आहे ना," मी म्हटलं, "तो जागा झाला की हे होतं. माझ्या हाताने नाही. काढून दाखवते."

मालकांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, समजलं यांना. ते म्हणाले, "एनम्मा, काय गं हे, राहुकाळ असा हाताने ओढून आणतात का?"

मला आधी अर्थच लागेना. ते पुढे म्हणाले, "राहुकाळात काम सुरू केलंस, मग पडणारच ते. त्या प्रोग्रामला हात लावायचा नाही." आणि एकाला उदबत्ती आणायला पाठवलं. मी सांगते, त्या क्षणी मला हसू की रडू कळेना. मी पुरावा म्हणून जे दाखवलं, तेच त्यांनी माझ्या अंगावर टाकलं.

तरी त्यांनी लीडरला विचारलं. माणूस अगदीच बंद डोक्याचा नव्हता. "ही म्हणते तसं आहे का? तुमच्या प्रोग्राममुळे हे होतं?"

एक "हो" पुरला असता. त्याला कोणी फाशी देणार नव्हतं. मी त्याच्याकडे वळले आणि मराठीत म्हटलं, "सर, शनिवारी गच्चीवर मला काय म्हणालात, ते सांगा ना यांना."

त्याने खांदे उडवले आणि मालकांना इंग्रजीत म्हणाला, "सॉरी सर, हिचं मराठी मला कळत नाही. इथलं काहीतरी मिश्रण आहे ते."

रोज माझा डबा खाताना कळत होतं ना रे मेल्या! हे मी मनात नाही, मोठ्याने म्हणाले. सगळ्यांसमोर. त्याचे कान लाल झाले.

"साकु," मालक म्हणाले. पुरे. "सोमवारपासून बोम्मसंद्रा."

मी म्हटलं, "येत नाही." त्यांना वाटलं मला वेळ हवा आहे, म्हणून म्हणाले, बरं, मंगळवारपासून. मी म्हटलं, "मंगळवारी नाही, कधीच नाही. मी प्रोग्राम लिहिते. चलनं टाइप करत नाही." पर्स उचलली, डबा उचलला आणि जिना उतरले. पाठीमागून उदबत्तीचा वास येत होता.

बस पकडली. त्याला आणखी काय काय बोलायला हवं होतं, ते सगळं मार्केटला बस बदलेपर्यंत सुचत राहिलं. त्याला आधीपासून माहीत होतं का, की गच्चीवर मी सांगितलं तेव्हाच कळलं? आधीपासून माहीत असेल तर माझ्या बांगड्या काढायला लावताना त्याला आतून हसू येत असेल. याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आणि ते मिळेपर्यंत मी त्याला माफही करणार नाही. लोक म्हणतात, सोड आता. का सोडू?

घरी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. अण्णा मशीनवर उभे होते, पायाने मशीन चालतंय, हाताने कागद सरकतोय. अवेळी मला बघून थांबले. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला. "आत्ता नको. काही वाईट असेल तर तीननंतर सांग. राहुकाळ आहे."

झालं. माझा तोल गेला. "तुमचा राहुकाळ!" मी ओरडले. "याच राहुकाळाने माझी नोकरी खाल्ली, आणि तुम्ही मला थांबायला सांगताय? त्या मालकाला आणि तुम्हाला एका पाटावर बसवायला हवं!" अण्णांशी मी असं कधी बोलले नव्हते. आई आतून धावत आली. शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवलं. मी सगळं सांगितलं, थांबत नव्हतेच. एडिटर, घड्याळ, गच्ची, तो "कळत नाही" म्हणाला ते, सगळं.

अण्णांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, "घड्याळ फिरवलंस आणि मशीन पडलं?"

"पडलं."

"परत फिरवलंस?"

"परत पडलं."

"आणि तो प्रोग्राम काढला की पडत नव्हतं?"

"नव्हतं पडत, अण्णा. शनिवारी खऱ्या राहुकाळात चालवून बघितलं मी."

त्यांनी रॉकेलच्या चिंधीने बोटांची शाई पुसली, प्रत्येक बोट वेगळं. मग खुंटीवरचा बाहेर जायचा शर्ट घातला. बसवनगुडीत संगणकाचे वर्ग चालवणारे एक गृहस्थ त्यांचे जुने गिऱ्हाईक होते. त्यांनी आता बाहेरची कामं घ्यायला सुरुवात केली होती आणि माणूस शोधत होते. "चल," अण्णा म्हणाले.

आई म्हणाली, "आत्ता? अहो, तीन तरी वाजू द्या."

"किती वाजलेत ते मला माहीत आहे," अण्णा म्हणाले आणि छापखान्याचं दार ओढून घेतलं. आई दारात तशीच उभी राहिली. मी तोंडही धुतलं नव्हतं.

ते पुढे, मी मागे. ते एरवी रमतगमत चालणारे, त्या दिवशी मला त्यांच्या मागे पळावं लागलं. त्या गृहस्थांनी दार उघडलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि चकितच झाले. अण्णांच्या सवयी त्यांनाही ठाऊक होत्या. "काय हो, या वेळेला तुम्ही?"

अण्णांनी मला पुढे केलं आणि कन्नडमध्ये म्हणाले, "ही माझी मुलगी. मशीन का पडतं, ते हिला कळतं."